शब्दचर्चा : ‘शीर्षक’, ‘ग्रंथनाम’ आणि वाचनालयाची ऑनलाइन तालिका

गोदाकाठ :
नाशिक जिल्ह्यातल्या काही वाचनालयांसाठी कोहा या ग्रंथालय-प्रणालीच्या पडद्यावरचे मराठी शब्द पक्के करायचे आहेत. सध्या ‘टायटल’ आणि ‘हेडिंग’ या दोन्हींसमोर ‘शीर्षक’च आहे. ‘कॅटलॉग’ला कुठे सूची, कुठे ग्रंथसूची, तर कुठे तालिका. ‘आयटम’ला चक्क ‘वस्तू’. ‘ऑटोमेशन’साठी संगणकीकरणही आहे आणि स्वयंचलनही. यातले नेमके शब्द कोणते आणि ते कुठे वापरावेत?

तालिकाकार :
आधी शीर्षक घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते.

रोजच्या मराठीत शीर्षक म्हणजे पुस्तकाचे, लेखाचे किंवा बातमीचे नाव. तालिकीकरणात, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या कामात, तसे नाही. नोंद ज्या नावाखाली किंवा शब्दाखाली लावली जाते ते शीर्षक, आणि पुस्तकाच्या नावाला ग्रंथनाम. जुन्या ५ × ३ इंची तालिकापत्रावर सर्वांत वर ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ असे लिहिलेले असायचे ते शीर्षक. त्याखाली आत सरकवून पुस्तकाचे नाव असायचे ते ग्रंथनाम. मार्क २१ या संगणकीय ग्रंथनोंदीच्या प्रमाण आराखड्यातही हाच भेद आहे : १०० क्रमांकाच्या क्षेत्रात लेखकाचे शीर्षक, २४५ मध्ये ग्रंथनाम, ६५० मध्ये विषयशीर्षक.

पडद्यावर दोन्हींना एकच शब्द असला की नोंद करणारा माणूस अधिकृत नोंदीच्या (लेखकाचे किंवा विषयाचे प्रमाण रूप ठरवणाऱ्या नोंदीच्या) ‘शीर्षक’ या चौकटीत पुस्तकाचे नाव भरतो. त्याची चूक नाही, पडद्याने त्याला तेच सांगितलेले असते. मग लेखकांच्या अकारविल्हे यादीत माणसांच्या नावांमध्ये पुस्तकांची नावे येऊन बसतात, आणि ती एकेक करून काढावी लागतात.

याचे उदाहरण नाशिककरांना लांब शोधायला नको. कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने, नाटके ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाने. एकाच लेखकाने वेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी वेगळे नाव वापरले असेल, तर एएसीआर-२ आणि आरडीए हे तालिकीकरणाचे दोन्ही नियमसंच दोन्ही नावांना स्वतंत्र शीर्षक देतात. मग अधिकृत नोंदीत ५०० क्षेत्र वापरून ती एकमेकांना ‘हेही पाहा’ या संदर्भाने जोडायची. केवळ लेखनभेद असेल तर मात्र ४०० क्षेत्रात ‘पाहा’ संदर्भ द्यायचा. हे केले नाही तर ‘शिरवाडकर, वि. वा.’, ‘शिरवाडकर वि.वा.’, ‘वि. वा. शिरवाडकर’ आणि ‘शिरवाडकर, विष्णु वामन’ हे यंत्राच्या लेखी चार लेखक होतात. शोधाच्या निकालाशेजारी लेखकांची यादी येते, तिच्यात ते चौघे वेगवेगळे दिसतात.

सिन्नरकर :
पटले, पण वाचकाचे काय? सातवीतल्या मुलाला ‘ग्रंथनाम’ दाखवले तर तो बुचकळ्यात पडेल. त्याला शीर्षक शाळेपासून माहीत आहे.

तालिकाकार :
वाचकाच्या पडद्यावर ‘पुस्तकाचे नाव’, ‘लेखक’, ‘विषय’ एवढेच ठेवा. त्याला हेडिंग ही कल्पना लागतच नाही. कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर ‘ग्रंथनाम’ असावे. नुसते ‘शीर्षक’ कुठेच नको. नामशीर्षक, विषयशीर्षक असे जोडूनच यावे.

कॅटलॉगबद्दल : ग्रंथसूची म्हणजे एखाद्या विषयावरच्या किंवा लेखकाच्या ग्रंथांची यादी, मग ते ग्रंथ कुठेही असोत. तालिका म्हणजे या ग्रंथालयात जे आहे त्याची नोंद. सूची हा शब्द पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीसाठीही चालतो, म्हणून तोही अपुरा. तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी तालिका, तालिकीकरण, तालिकापत्र. विधानसभेतल्या ‘तालिका अध्यक्षां’मुळे हा शब्द लोकांच्या कानावरून गेलेला आहेच. वाचकाच्या बटणावर मात्र ‘पुस्तक शोधा’.

सिन्नरकर :
आणि ‘वस्तू’?

मेनरोड :
‘प्रत’. हा बदल सगळ्यात आधी करा. कोहात दोन थर असतात. वर ग्रंथनोंद, तिच्यात लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्गांक (विषयानुसारचा क्रमांक). तिच्याखाली ९५२ क्षेत्रात प्रतनोंद, तिच्यात दाखल क्रमांक, बारकोड, बोधांक (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक), किंमत. दाखलनोंद वहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेली पुस्तके क्रमाने नोंदवण्याच्या वहीत, प्रत्येक प्रतीला स्वतंत्र ओळ असते. ती वही समोर ठेवून नोंदी केल्या की प्रत्येक ओळीची नवी ग्रंथनोंद तयार होते. पाच प्रतींच्या पाच ग्रंथनोंदी होतात, आणि वाचक एका नोंदीवर आरक्षण करतो तेव्हा दुसऱ्या नोंदीखालची प्रत कपाटात तशीच पडून राहते.

दुरुस्ती करता येते. सारख्या नोंदी निवडून त्या एकत्र कराव्यात, एक नोंद मुख्य ठरवावी. बाकीच्या प्रती तिच्याखाली सरकतात. त्याआधी आवृत्ती जरूर तपासावी. आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणावरही ‘दुसरी आवृत्ती’ छापायची पद्धत आहे. पृष्ठसंख्या, मजकूर, प्रस्तावना आणि प्रकाशक तेच असतील तर ते पुनर्मुद्रण, नोंद एकच. मजकूर सुधारून वाढवला असेल तर ती खरी आवृत्ती, आणि तिची ग्रंथनोंद वेगळी. या दोन शब्दांत गल्लत झाली की एकत्रीकरणात कामाची माहिती कायमची जाते.

दिंडोरीकर :
मग संगणकीकरण की स्वयंचलन?

मेनरोड :
दोन्ही शब्द हवेत, त्यांचे अर्थ वेगळे आहेत. दाखलनोंद वही एक्सेलमध्ये उतरवली आणि देवघेव रजिस्टरवरच चालू राहिली, तर ते संगणकीकरण. एकदा केलेल्या नोंदीवरूनच देवघेव, आरक्षण, मुदतीची आठवण, वार्षिक पडताळणी आणि वाचकाचा शोध हे सगळे चालू लागले, की स्वयंचलन. अहवालात ‘स्वयंचलन पूर्ण’ लिहिण्याआधी एक प्रत देवघेवीत टाकून पाहावी. ऑनलाइन तालिकेत ती लगेच ‘बाहेर’ दिसली पाहिजे.

यंत्रलेखन :
शब्द ठरले तरी मराठीत शोध चुकतो तो अक्षरांच्या संकेतांमुळे. ‘दऱ्या’ हाच शब्द घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकतात : एक, ऱ ला हलन्त देऊन, दोन, साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन शब्द वाटतात. वर आणखी धोका असा की अनेक प्रणाली मजकूर साफ करताना ते अदृश्य चिन्ह काढून टाकतात. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातले पुस्तक समुद्रात जाते. म्हणून सगळ्यांनी ऱ वापरावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली की तो येतो. हीच गत ‘ॲ’ची. तो एक स्वतंत्र वर्ण आहे, आणि अ वर अर्धचंद्र चढवून केलेला ‘अॅ’ वेगळा. नोंदींत एकच ठेवा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व टंकांतल्या जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणताना हे दोन वर्ण हटकून तपासा.

कोहात शोधासाठी झेब्रा हे शोधयंत्र असेल तर देवनागरीकरिता त्याची आयसीयू (युनिकोड अक्षरे हाताळणारी) मांडणी चालू करावी लागते आणि त्यानंतर सगळ्या नोंदींचे निर्देशन, म्हणजे शोधासाठीची शब्दसूची, नव्याने करावे लागते. तिथे एक नियम डोळ्यांत तेल घालून पाहा. युरोपीय भाषांतले स्वराघात काढण्यासाठी ‘जागा न घेणारी चिन्हे काढा’ असा नियम असेल, तर देवनागरीतले उकार, एकाची मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात. ते गळतात; काना, वेलांटी राहतात. ‘गुण’ शोधले की ‘गण’ही येतो. ऱ चाही र होतो. असा नियम असेल तर तो काढून पुन्हा निर्देशन करा.

गोदाकाठ :
बाहेरून नोंद आयात केली तर? आणि वर्णक्रम?

यंत्रलेखन :
लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून झेड ३९.५० (ग्रंथालयांतल्या नोंदी परस्पर शोधून घेण्याची संगणकीय पद्धत) मार्गे येणारी मराठी पुस्तकाची नोंद बहुधा रोमन लिपीत, अक्षरांच्या वर-खाली रेघा-टिंबे असलेली असते. देवनागरीत शोधणाऱ्याला ती सापडत नाही. आयात झाल्यावर २४५ मध्ये देवनागरी ग्रंथनाम घ्या आणि रोमन रूप २४६ या पर्यायी नावाच्या क्षेत्रात ठेवा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’ असे अनुस्वार छापलेले असतात. ग्रंथनाम मुखपृष्ठाच्या आतल्या नामपृष्ठाप्रमाणे जसेच्या तसे २४५ मध्ये, आजचे ‘काही’ असलेले रूप २४६ मध्ये.

वर्णक्रमात ळ ची जागा ह नंतर, आणि त्यापुढे क्ष, ज्ञ. युनिकोडच्या क्रमाने लावले तर ळ ल नंतर लगेच येतो आणि क्ष क मध्ये शिरतो. मराठीचा वर्णक्रम प्रणालीत वेगळा सांगावा लागतो.

सिन्नरकर :
‘प्रकाशन वर्ष’ या चौकटीत अंक मराठी की इंग्रजी? जुन्या पुस्तकांवर शकच असतो.

तालिकाकार :
चौकटी दोन आहेत, म्हणून नावेही दोन द्या. २६४ या प्रकाशनाच्या क्षेत्राला ‘प्रकाशन वर्ष (छापल्याप्रमाणे)’. तिथे ‘शके १८४५ [१९२३]’ असे लिहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळातले पुस्तक असेल तर ७९. ००८ या संकेतरूप माहितीच्या क्षेत्रातल्या चौकटीला ‘वर्ष (क्रमवारीसाठी)’ म्हणा. तिथे चार आकडी इसवी सन इंग्रजी अंकांतच हवा, नाहीतर वर्षानुसार मांडणी आणि गाळणी दोन्ही चालत नाहीत. बारकोडचेही तेच. नेहमीच्या कोड ३९ पद्धतीत देवनागरी अंक बसतच नाहीत, त्यामुळे वहीत दाखल क्रमांक मराठीत लिहिलेला असला तरी चिठ्ठीवर आणि प्रतनोंदीत तो इंग्रजी अंकांत द्या. एकदा दिलेला दाखल क्रमांक पुस्तक बाद झाल्यावरही दुसऱ्या पुस्तकाला देऊ नका.

गोदाकाठ :
ठीक. ग्रंथनाम, प्रत आणि वर्षाच्या दोन चौकटी आजच फायलीत बदलतो. नामशीर्षकांची यादी आधी तयार करून मगच नोंदी सुरू करू.