डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भागत नाही

कुणीतरी लिहिलंय की क्रोन्स (आतड्यांना वारंवार सूज येणारा जुनाट आजार) असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडलं की अमेरिकेत नोकरीतल्या दीर्घकालीन अपंगत्व विम्याचा दावा मंजूर होतो. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत उलटंच झालं. विमा कंपनीला आजाराच्या नावाशी देणंघेणं नव्हतं, हा माणूस सलग किती वेळ काम करू शकतो एवढंच हवं होतं. कोलोनोस्कोपीचा (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचा) अहवाल म्हणत होता ‘सौम्य दाह’, आणि हा मीटिंगमधून वीस-वीस मिनिटं गायब! दावा फेटाळला.

मग मी फ्रिजवर कागद चिकटवला. तारीख, संडासला किती वेळा, किती मिनिटं, रात्री कितीदा उठला. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. पण तीन महिन्यांचे ते कागद आणि डॉक्टरांनी भरलेला कार्यक्षमतेचा फॉर्म, यावरच अपील मंजूर झालं.

एरिसा, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या विम्यासारख्या लाभांचा अमेरिकी कायदा, त्याखालच्या पॉलिसीत नकारानंतर अपिलाला 180 दिवस मिळतात. असेल नसेल तो पुरावा तेव्हाच घाला. पुढे कोर्टात गेलात तरी न्यायाधीश बहुतेकदा तीच फाइल बघतात. बऱ्याच पॉलिसींत पहिले 24 महिने ‘स्वतःचं काम जमत नाही’ एवढं पुरतं, नंतर ‘कुठलंच काम जमत नाही’ हे दाखवावं लागतं. ते पान आधी वाचा.

सोशल सिक्युरिटीचे (सरकारकडून मिळणारे अपंगत्वाचे) पैसे सुरू झाले की विमा कंपनी सहसा तेवढी रक्कम आपल्या पैशांतून कापते. मागची थकबाकी एकदम आली तर खर्चून बसू नका, कंपनी परत मागते. आम्ही तोवर गाडी दुरुस्त करून मोकळे झालो होतो.