डोळ्यांनीच बघायला हवेत असे सिनेमे – तुमचे अनुभव सांगा

निळी शाई
काल रात्री कपड्यांच्या घड्या घालत बसले होते, टीव्हीवर सैराट लागलेला, अगदी शेवटाला आलेला. हातातली घडी तशीच राहिली.

माझ्या आजीची नजर शेवटच्या काही वर्षांत जवळजवळ गेली होती. सिनेमाचं वेड मात्र जन्माचं. मग मी शेजारी बसून सांगायचे, आता त्याने दार उघडलं, आता ती वळली, आता पाऊस आला. मी काही गाळलं तर तिला लगेच कळायचं, म्हणायची मधलं खाल्लंस तू. सैराट आम्ही असाच पाहिला. गाण्यांना मान डोलावत होती, आर्चीच्या बोलण्यावर तर एकदम खूश. आणि मग शेवटी आवाज जातो ना, सगळाच्या सगळा, तेव्हा तिने माझा हात चाचपत विचारलं, "बंद पडला का गं टीव्ही?" म्हटलं नाही. "मग काय चाललंय?" मला सांगताच येईना. ते बाळ, त्याची पावलं, मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. तिने पुढे विचारलं नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेव्हापासून माझी मस्ट वॉचची व्याख्या एकच. जो सिनेमा शेजारी बसून सांगता येत नाही, तो बघायलाच हवा. माझ्याकडून सैराट (2016) आणि नागराज मंजुळेंचाच फँड्री (2013). त्यातलं ते राष्ट्रगीत, ऐकणाऱ्याला फक्त राष्ट्रगीत ऐकू येतं, आणि इकडे डुक्कर पकडायला धावणारं ते अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं आणि डुक्कर निघालंय आरामात. तुमचे सांगा. हॉरर, कॉमेडी, कार्टून काहीही चालेल.

घाईत
जॉज!!! बाकी संध्याकाळी लिहिते, मुलगा उठला

रातकिडा
आजीचं वाचून गलबललं. पण ताई व्याख्या पटली नाही. माझा नंबर एक म्हणजे 12 अँग्री मेन (1957), कोर्टाच्या सिनेमांत त्याच्या वर काही नाही. ज्युरीतले अकरा जण म्हणतात पोरगा दोषी, एकटा म्हणतो जरा बोलूया. जवळजवळ अख्खा सिनेमा एका खोलीत, माणसं नुसती बोलतायत. डोळे मिटून ऐकला तरी सगळा कळतो, आजीला सांगावंही लागलं नसतं. मग काय यादीतून काढायचा?

सरळरेषा
रातकिडा, परत बघा आणि या वेळी माणसं सोडून भिंती बघा. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवलाय, मग डोळ्यांच्या रेषेत, शेवटच्या भागात त्याच्याही खाली, इतका की छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत नेल्यात, त्यामुळे मागची भिंत हळूहळू माणसांच्या पाठीला येऊन टेकते. म्हणून तर मध्यापासून आपला जीव गुदमरायला लागतो आणि कारण कळत नाही. ऐकून खटला कळेल, पण ती खोली नाही कळणार.

रातकिडा
हे माहीत नव्हतं. आज रात्रीच लावतो.

कोपऱ्यातली खुर्ची
अहो मी सैराट बघितलेला नाही अजून 😐 निदान वर एक ओळ तरी लिहायची

पाऊलवाट
2016 चा आहे हो तो

कोपऱ्यातली खुर्ची
सालाचा काय संबंध, मला बघायचा होता ना. कामाच्या धबडग्यात राहून गेला

निळी शाई
खरंच माफ करा, लिहिण्याच्या भरात लक्षात आलं नाही. पण तरीही बघा, मी सांगितलंय त्याने काहीही कमी होत नाही. सांगता येत नाही हेच तर म्हणतेय मी

मधली सुट्टी
चिल्ड्रन ऑफ हेवन. माजिद मजीदींचा, 1997 चा, इराणी. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि मग एकाच जोडीवर दोघांची शाळा, ती सुटली की धावत येणार, गल्लीत बूट काढून देणार, मग हा धावत सुटणार. माझ्या लेकीला सबटायटल्स वाचता येत नव्हती तेव्हा, मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाली आई तू बोलू नकोस, मला कळतंय. सहा वर्षांची होती. शेवटी पाण्यातले मासे येतात तो सीन तिने तीनदा मागे घेऊन बघितला (खुर्चीवाले, याहून जास्त सांगत नाही).

आणि सावध करते, ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज (1988) कार्टून आहे म्हणून मुलांना लावून देऊ नका. युद्धातली भावंडं. मी लावून दिला आणि भांडी घासायला गेले, परत आले तर लेक भिंतीकडे तोंड करून बसलेली. दोन दिवस धाकट्या भावाला सोडायला तयार नव्हती. जपानमध्ये हा आणि टोटोरो हा लहान मुलांचा गोड कार्टून सिनेमा एकाच तिकिटावर जोडीने दाखवले होते म्हणे, त्या पोरांचं काय झालं असेल. मोठ्यांनी मात्र चुकवू नये असा आहे.

पाऊलवाट
बापरे. आता बरी आहे ना लेक?

मधली सुट्टी
हो हो, आता कॉलेजला आहे. अजून नाव काढलं की खोलीतून उठून जाते

रामप्रहर
इतकं रडवू नका सकाळी सकाळी. अशी ही बनवाबनवी (1988), विषय संपला. आमच्याकडे हा बघत नाहीत, लावून ठेवतात. एक जण झाडू मारतोय, एक इस्त्री करतोय आणि सगळ्यांच्या तोंडून संवाद पुढे पुढे. व्याख्येत बसत नसेल तर व्याख्या रुंद करा.

सरळरेषा
जाने भी दो यारो (1983) पण घ्या. ते शेवटचं महाभारत फोनवर मित्राला सांगायचा प्रयत्न केला होता मी, प्रेताला साडी नेसवून द्रौपदी केलंय, दुर्योधन वस्त्रहरण नको म्हणतोय, मध्येच दुसऱ्याच नाटकातला माणूस घुसलाय. तो शांतपणे म्हणाला तुला ताप आलाय का. निळी शाई, हा तुमच्या व्याख्येत शंभर टक्के बसतो.

कानसेन
मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. मला जन्मापासून दिसत नाही. हे सगळं फोन मला वाचून दाखवतोय. आणि मी पण सिनेमा 'बघते' असंच म्हणते, घरात कुणाला त्यात काही वाटत नाही.

तुम्ही म्हणता सांगता येत नाही तो खरा. माझ्याकडे उलट आहे, काही सिनेमे मला कुणी सांगूच नये असं वाटतं. शोले मध्ये ठाकूरच्या घरातली माणसं मारली जातात, तिथे झोपाळ्याची ती कुरकुर. भाऊ कुजबुजत सांगायला लागला तर मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. सायको (1960) ची ती किंचाळणारी व्हायोलिनं, हिचकॉकला आधी त्या सीनला संगीतच नको होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही केलं. पथेर पांचाली मध्ये हरिहर घरी परत येतो आणि बायको त्याच्यासमोर कोसळते, तिथे तिच्या रडण्याचा आवाजच ठेवलेला नाही, त्या जागी तारशहनाई हे वाद्य आहे. माणसाच्या गळ्यातून तसं रडणं कधीच येणार नाही. आणि वर कुणीतरी जॉज लिहिलंय, त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून कितीतरी वेळ तो दाखवलेलाच नाही. म्हणजे तेवढा वेळ तुम्ही पण संगीतातले ते दोन सूर ऐकूनच घाबरताय, माझ्यासारखेच.

निळी शाई, तुमची आजी गाळलेलं लगेच ओळखायची कारण तिला ऐकू येत होतं की खोलीत काहीतरी झालंय.

निळी शाई
हे वाचून थोडा वेळ बसूनच राहिले. मी इतकी वर्षं तिला सांगत आले, तिला काय ऐकू येतंय हे एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पथेर पांचाली आम्ही पाहिलाच नाही, बंगाली तिला कळणार नाही म्हणून मीच टाळला होता.

रामप्रहर
कानसेनताई, ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज, वापरता का तुम्ही? काही ओटीटीवर सेटिंगमध्ये असतं

कानसेन
वापरते, इंग्रजीत भरपूर आहे. मराठीत हवंय. सारखं शोधते.

रातकिडा
विषय सोडून विचारतो, तुंबाड एकट्याने बघावा का? हॉरर फारसे बघत नाही मी

मधली सुट्टी
बघा, पण पावसाळ्यात बघू नका. तो पाऊस खरा आहे, अनेक पावसाळे शूटिंग चाललं होतं त्याचं. सिनेमा संपला तरी अंग ओलसर वाटत राहतं

कोपऱ्यातली खुर्ची
कानसेनताई, विचारू का, सैराटचा शेवट तुम्हाला कसा कळला? आता मला कळलेलाच आहे, बिनधास्त सांगा

कानसेन
थिएटरमध्ये पाहिला. आवाज गेला तेव्हा वाटलं मशीन बिघडलं. आवाज गेला की लोक शिट्ट्या मारतात, ओरडतात, मी त्याची वाट बघत होते. कुणीच ओरडेना. मग पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं, मग बाजूला, मग मागे. माझी बहीण काही बोलली नाही, तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तेव्हा कळलं.

घाईत
आले परत. जॉजबद्दल लिहायचं होतं ते लिहून झालंय. आधी ते वरचं परत वाचते

कोपऱ्यातली खुर्ची
रविवारी लावतो सैराट. आवाज गेला तर रिमोट शोधणार नाही.