मदत हवी आहे: आत्याच्या ओव्यांचं स्टेटस दुपारी उडणार, ठेवून कसं घेऊ?

उद्यमबागेतला | सोमवार, सकाळी ६.२५

नमस्कार मंडळी. सातची शिफ्ट आहे, गाडीला किक मारायच्या आधी लिहितोय, चूकभूल माफ करा.

काल बेळगावजवळ खानापूरकडे आत्याच्या नातीचं लग्न झालं. मी संध्याकाळी अक्षतांपुरता पोचलो. सकाळी दारात घाणा भरला तेव्हा आत्यानं ओव्या म्हटल्या, त्या आतेभावानं मोबाइलवर घेतल्या आणि ११.१० पासून बारापर्यंत एकामागोमाग नऊ तुकडे व्हॉट्सॲप स्टेटसला टाकले. मला हे कळलं रात्री घरी आल्यावर. सहा तुकडे बघितले आणि दिवसाचा नेट पॅक संपला. पुढं नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

आतेभाऊ रात्रीच चोर्ला घाटातून गोव्याला गेला, तिथून मस्कतचं विमान. फोन बंद लागतोय. त्यानं काल मांडवातच सांगितलं होतं की मेमरी फुल झाली म्हणून बरंच काही उडवलं. म्हणजे मूळ व्हिडिओ आहेत की नाहीत, देव जाणे.

आत्या ७४ वर्षांची आहे. ओव्यांत ती एकेका भावाचं नाव घेते. माझे बाबा तिसरे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. सहाव्या तुकड्यापर्यंत दोन नंबरच्या काकांचं नाव येऊन गेलंय, म्हणजे बाबा सातव्यात असणार.

फोन अँड्रॉइड आहे. स्टेटसवर सेव्हचं बटण कुठं दिसत नाही. आत कारखान्यात मोबाइल चालत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेनऊला चहाची पंधरा मिनिटं मिळतात, तेव्हा वाचेन. कुणीतरी सांगा की.

जांबोटीचा जावई | सकाळी ६.५८

गेटच्या आत गेला नसलात तर आधी उरलेले तीन उघडून ठेवा. बाकी सगळं नंतर.

कारण असं. तुम्ही जे स्टेटस बघता त्याची फाइल अँड्रॉइडवर तुमच्याच फोनमध्ये उतरलेली असते, फक्त लपवून ठेवलेली. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘शो हिडन फाइल्स’ असतं, ते चालू करा. मग इंटर्नल स्टोरेजमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप, त्यात व्हॉट्सॲप, परत मीडिया. तिथं एक फोल्डर दिसेल, नावाच्या सुरुवातीला टिंब आणि पुढं ‘स्टेटसेस’. त्या टिंबामुळंच ते एरवी दिसत नाही. (नावं सगळी इंग्रजी लिपीत असतील.) आतल्या फाइलींची नावं म्हणजे आकडे आणि अक्षरांची गिचमिड, ती वाचत बसू नका. तारखेनं लावून घ्या आणि व्हिडिओ कॉपी करून डाउनलोड्समध्ये टाका.

दोन गोष्टी. न उघडलेल्या स्टेटसची फाइल तिथं सापडेल यावर विसंबू नका. आणि चोवीस तास झाले की व्हॉट्सॲप ते फोल्डर स्वतःच साफ करतं. तास प्रत्येक तुकड्याचे वेगळे मोजतात. ११.१० ला टाकलेला ११.१० ला जाणार, बाराचा बाराला. सगळे एकदम उडत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

मांडे आणि तूप | सकाळी ७.१५

एवढा कुटाणा कशाला मर्दा? प्ले स्टोअरवर ‘स्टेटस सेव्हर’ टाका, ढीगभर ॲप आहेत. नाहीतर जीबी व्हॉट्सॲप घाला, त्यात सेव्हचं बटणच असतं.

शहापूरची सून | सकाळी ७.४०

जीबीच्या नादी अजिबात लागू नका. ते व्हॉट्सॲपचं नाहीच, कुणीतरी मोडतोड करून बनवलेलं आहे. प्ले स्टोअरवर ते मिळत नाही यातच काय ते समजा. त्यापायी नंबर बॅन होतो.

स्टेटस सेव्हर म्हणजे तरी काय, वर जावईबापूंनी सांगितलेलंच लपवलेलं फोल्डर उघडून दाखवतात. वर जाहिराती. माझ्या नणंदेनं एक असलं ॲप टाकलं होतं. त्यानं फोटो, संपर्क, लोकेशन सगळ्याची परवानगी मागितली, हिनं सगळ्याला ‘अलाउ’ केलं. महिनाभर फोन उघडला की आधी रमीची जाहिरात. सासरे विचारायचे, सूनबाई पत्ते कधीपासून खेळायला लागली.

फोल्डर सापडलं नाही तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. वरून पडदा खाली ओढला की तिथंच बटण असतं. आवाज विचारेल तेव्हा मीडियाचा किंवा आतला आवाज निवडा. माइक निवडलात तर शेजारच्या कुकरची शिट्टीपण येईल. घरात कुणाकडं आयफोन असेल तर त्याला हाच मार्ग, तिथं ते फोल्डर बघायला मिळत नाही. रेकॉर्डिंगच्या आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायला विसरू नका. स्टेटसचं रेकॉर्डिंग केलं म्हणून टाकणाऱ्याला काही कळवलं जात नाही, ती भीती नको.

उद्यमबागेतला | सकाळी ९.४१

जावईबापू, तुमचे पाय कुठं आहेत? सहाच्या सहा मिळाले! कॉपी करून डाउनलोड्समध्ये टाकले, वाजवून बघितले, आवाज आहे. पहिल्यातच हे आलं:

घाणा भरू बाई, दारी आंब्याचा डहाळा
मलप्रभेकाठी माझ्या बंधूचा गं मळा

मागं मुसळाचा ठोका आणि बांगड्या. लॉकर रूममध्ये उभा राहून ऐकतोय, कोअर शॉपमधला पोरगा विचारतोय काय झालं मामा.

पण उरलेले तीन उघडेनात. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज एक दांडी. सकाळी तुमचा निरोप यायच्या आत मी गेटच्या आत होतो. आता बायकोला फोन केलाय. तिच्याकडं आतेभावाचं स्टेटस दिसतं. घोळ असा की तिच्या फोनची भाषा पोरानं कन्नड करून ठेवलीय, शाळेच्या वाचनाचा सराव म्हणून. तिला कन्नड बोलता येतं, वाचायला अडखळते. सेटिंगमधलं काय ते पोरगं वाचून दाखवणार, दुसरीत आहे. फोल्डरच्या नादाला लागू नको, स्क्रीन रेकॉर्डिंग कर म्हणून सांगितलंय. घंटा झाली, जातो.

संमेलनवाला | सकाळी १०.२०

थोडं अवांतर. आमच्याकडं हिवाळ्यात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा वगैरे. हल्ली सगळं फेसबुक लाइव्ह करतात आणि समजतात की झालं, आता ते कायम राहिलं. फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवरचं लाइव्ह ३० दिवसच राहतं, त्याच्या आत उतरवून घ्यावं लागतं. आमच्या मंडळात हे कळेपर्यंत एका ग्रंथदिंडीचं लाइव्ह गेलं ते गेलंच. इथं कुणी आयोजक असतील तर तेवढं बघा.

आणि उद्यमबागवाले, राग मानू नका. आत्याबाईंना विचारलंय का? घरासाठी ठेवताय तर प्रश्नच नाही. पण उद्या कुणी यूट्यूबवर टाका म्हणेल. ओवीत घरच्यांची नावं असतात, जाऊबाईंना मारलेले टोमणेपण असतात.

मांडे आणि तूप | सकाळी १०.३४

टोमण्यांशिवाय ओवी कसली. बरं, जीबीचं माझं वाक्य मागं घेतो. माझापण नंबर गेल्या वर्षी दोन दिवस बंद होता, का ते आत्ता कळलं.

उद्यमबागेतला | दुपारी ३.२०

शिफ्ट सुटली. आठवा आणि नववा पूर्ण मिळाले. सातवा अर्धा.

झालं असं. पोरानं ‘परदे दाखलिसु’ का कायसं वाचून बटण शोधलं, आतला आवाजपण बरोबर निवडला. डू नॉट डिस्टर्बचं सांगायला मी विसरलो, चूक माझी. सातवा सुरू झाला, पहिली ओवी झाली, आत्या दम घेते, मागून कुणीतरी “पाणी द्या गं” म्हणतं, आणि तेवढ्यात सासूबाईंचा फोन. हिनं दचकून उचलला. लग्नात कोण कुठली साडी नेसलं होतं याची चौकशी. तिकडून फोन ठेवेना, इकडून तोडवेना. नंतर हिनं आठवा-नववा घेतला आणि परत सातव्याकडं गेली तर त्याची वेळ झाली होती, रिंगणातून गायब.

फॅमिली ग्रुपवर विचारलं, कुणाकडं आहे का. सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या.

जांबोटीचा जावई | दुपारी ३.४५

अरेरे. स्टेटसचा रस्ता आता बंद समजा, मस्कतचा उघडा आहे. आतेभाऊ उतरला की त्याला गॅलरीतला ट्रॅश बघायला सांगा. गॅलरीतून उडवलेलं बऱ्याच फोनमध्ये ३० दिवस तिथं पडून असतं. गूगल फोटोज वापरत असेल तर त्याचा ट्रॅश वेगळा. बॅकअप झालेलं असेल तर ६० दिवस, नसेल तर ३०. सापडलं तर त्यानं ‘रिस्टोअर’ करायचं आणि तुम्हाला डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, व्हिडिओ म्हणून नको. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं.

त्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याचं सेटिंग असेल तर तेपण बघा. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असतं. हवा तो मेसेज दाबून धरून ‘कीप’ केला तर राहतो. मात्र ज्यानं पाठवला तो ते काढून टाकू शकतो.

उद्यमबागेतला | रात्री ९.०५

आतेभाऊ उतरला, बोललो. गडी म्हणतो, “मामेभावा, जागाच होईना, म्हणून ट्रॅशपण रिकामा केला की.” बॅकअप कधी लावलेलाच नाही. त्याला काय बोलणार, त्यानं घेतलं म्हणून आठ तरी आहेत.

मग आत्याला फोन लावला. आधी संमेलनवाल्यांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, घरात ऐका, गावाला कशाला. मग धीर करून म्हटलं, आत्या, बाबांची ओवी तेवढी परत म्हणतेस का, फोनवरच घेतो. गप्प झाली. मग म्हणाली, “दारात घाणा नाही, हातात मुसळ नाही, आणि फोनवर कसली ओवी म्हणू बाळा? मला तशी आठवायचीपण नाही. तुळशीचं लग्न होऊ दे, धाकटीचं उरकायचंच आहे. तवा ये सकाळी. जेवणाच्या टायमाला येऊ नकोस.”

आता रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवतो. त्या दिवशी कसं घ्यावं तेवढं सांगा. स्टेटसबिटस काही टाकणार नाही.

शहापूरची सून | रात्री ९.३०

व्हिडिओसाठी एक फोन, आवाजासाठी दुसरा. आवाजाचा फोन उखळाच्या बाजूला ठेवू नका, मुसळाच्या ठोक्यात शब्द बुडतात. त्या गातात त्या बाजूला, पाटावर, खाली जाड टॉवेल. आदल्या दिवशी मेमरी रिकामी करा आणि घेतलेलं त्याच रात्री पेन ड्राइव्हवर टाका. आणि दोन्ही फोन सुरुवातीलाच एरोप्लेन मोडवर.

उद्यमबागेतला | रात्री ९.३४

एरोप्लेन मोडचं लिहून ठेवलं. सासूबाई त्या दिवशी मांडवातच असतील. तरी करतील.