सॉकेटवरून आलेला मराठी मजकूर मध्येच का तुटतो?

प्रश्न:
नमस्कार. नागपूरच्या कळमना बाजारातील आमच्या अडत दुकानातून सीताबर्डीच्या कार्यालयात संत्र्यांची आवक व भाव कळवण्यासाठी मी पायथनमध्ये टीसीपी सॉकेटचा (नेटवर्कवरून दोन प्रोग्राम जोडणारा दुवा) लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. एकाच संगणकावर तो सुरळीत चालला. प्रत्यक्षात मात्र लांब नोंद आली की कधी युनिकोडडिकोडएरर (बाइटांची अक्षरे करता न आल्याचा एरर) येतो, तर कधी दोन नोंदी एकमेकींना चिकटतात. इंग्रजी मजकुराला हा एरर कधीच येत नाही. रिसीव्हला, म्हणजे आलेले बाइट वाचणाऱ्या फंक्शनला, १०२४ ऐवजी ४०९६ दिल्यावर त्रास कमी झाला, थांबला नाही.

उत्तर १:
आकडा वाढवून हे सुटणार नाही. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. आपली नोंद कोठे संपते हे त्याला ठाऊक नसते, आणि १०२४ ही केवळ कमाल मर्यादा असल्याने तितके बाइट एका वेळी मिळतीलच असेही नाही. त्यात युटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, ३ बाइट घेते: ‘नागपूर’ म्हणजे ६ चिन्हे, १८ बाइट. सलग देवनागरी असेल तर १०२४ बाइटांत ३४१ चिन्हे पूर्ण बसतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट हाती येतो, ज्याचे डिकोडिंग होऊच शकत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीआधी तिची लांबी ठरावीक ४ बाइटांत पाठवावी, तितके बाइट जमेपर्यंत वाचत राहावे आणि मगच एकदा डिकोड करावे. पाठवताना सेंडऐवजी सेंडऑल वापरावे, कारण सेंड अर्धवट पाठवून परतू शकते.

उत्तर २:
नोंद एका ओळीची असेल तर एवढा खटाटोप कशाला? सॉकेट फाइलसारखे वाचू देणाऱ्या मेकफाइलला युटीएफ-८ सांगून रीडलाइनने एकेक ओळ वाचावी.

उत्तर १:
चालेल, पण शेऱ्याच्या रकान्यात कोणी एंटर दाबले की एका नोंदीच्या दोन होतील. अडत दुकानातला शेरा एका ओळीत मावलेला मी तरी पाहिलेला नाही.

प्रश्नकर्ता:
लांबीची पद्धत घेतली. आधी मी लांबी एन्कोड करण्यापूर्वीच, म्हणजे बाइटांऐवजी चिन्हांत, मोजत होतो, त्यामुळे नोंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचला जाई. ते दुरुस्त केले. आता दुकानातील प्रोग्राम बंद केला की कार्यालयातील लूप थांबत नाही.

उत्तर १:
रिसीव्हने शून्य बाइट दिले म्हणजे पलीकडच्याने पाठवणे संपवले. तेथे लूपमधून बाहेर पडावे. दुकानातील वीजच गेली तर तेवढाही निरोप येत नाही, म्हणून वाट पाहण्याची मर्यादा ठरवणारा सेटटाइमआउटही लावावा.