आमचा ईस्ट एशियन स्टडीज प्रोग्राम बंद करायला निघालेत, रॅलीने खरंच काही होतं का?

शाईदौत
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत आहे (नाव मुद्दाम लिहीत नाहीये), ईस्ट एशियन स्टडीजमध्ये एमए, दुसरं सेमिस्टर चालू आहे. मध्यंतरी प्रोव्होस्टच्या (युनिव्हर्सिटीच्या मुख्य शैक्षणिक अधिकाऱ्याच्या) ऑफिसकडून गोलगोल भाषेतला एक ईमेल आला, तीनदा वाचल्यावर कळलं की आमचा प्रोग्राम गुंडाळायची शिफारस झालीय. मग टाऊनहॉल झाला. तिथे एक स्लाइड लावली, प्रत्येक डिपार्टमेंटचे "मेजर्स पर फॅकल्टी" (एका प्राध्यापकामागे तो मुख्य विषय, म्हणजे मेजर, घेतलेली पोरं किती), पाच वर्षांची सरासरी, आणि आमची ओळ लाल रंगात. मी टीए (टीचिंग असिस्टंट) आहे म्हणून सांगते, कोरियनच्या पहिल्या वर्षाला दर वेळी वेटलिस्ट असते, पोरं मागे भिंतीला टेकून बसतात, आणि स्लाइडवर आमचे विद्यार्थी बोटावर मोजण्याइतके! हे कसं काय ते कुणी विचारलं तर "डेटा रजिस्ट्रारकडून आलाय" एवढंच उत्तर.

आता अंडरग्रॅडची पोरं पेटलीयेत. रॅली ठरलीय, चिनी, जपानी, कोरियन आणि इंग्रजीत फलक रंगवणं चालू आहे, पिटिशनवर सह्या धडाधड येतायत. मला जायचंय पण एफ-वनवर (स्टुडंट व्हिसावर) आहे, २०२५ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचं जे काय झालं ते बघून पोटात गोळा येतो. आणि खरं सांगू का, मनात हेही येतं की एवढा आरडाओरडा करून युनिव्हर्सिटीच्या बोर्डाने (अंतिम निर्णय घेणाऱ्या मंडळाने) आधीच ठरवलेलं बदलतं का कधी? कुणी जवळून बघितलंय का असं काही? माझ्या डिग्रीचं काय होईल तेही सांगा प्लीज.

जुनी_फाईल
मी अमेरिकेतच दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत शिकवतो, भाषा विभागात नाही, पण फॅकल्टी सीनेटच्या (प्राध्यापकांच्या प्रतिनिधी सभेच्या) कमिट्यांवर बरीच वर्षं घासलीयेत.

आधी त्या स्लाइडचं. डबल मेजर करणारी पोरं बऱ्याच ठिकाणी फक्त पहिल्या मेजरच्या खात्यात मोजली जातात. तुमच्याकडे येणारी निम्मी-अर्धी पोरं इकॉनॉमिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्सची असणार आणि जपानी हे त्यांचं दुसरं मेजर किंवा मायनर (छोटा जोडविषय). म्हणजे पोरगं वर्गात तुमच्याकडे बसतं आणि हिशोबात दुसऱ्याकडे दिसतं. तेव्हा पहिलं काम रॅली नाही, रजिस्ट्रारकडून किंवा विभागाकडून दुसरी मेजर, मायनर आणि एकूण क्रेडिट अवर्स (पोरांनी घेतलेल्या कोर्सेसचं मोजमाप) असे तिन्ही आकडे काढा. एका प्रोफेसरमागे किती क्रेडिट अवर्स शिकवले जातात हा आकडा भाषा विभागांचा बहुतेक वेळा चांगला निघतो, आणि फीचे पैसे क्रेडिट अवर्सवरच येतात ना शेवटी.

आता तुझा मूळ प्रश्न, फरक पडतो का. दोन उदाहरणं बघ. २०१० च्या उन्हाळ्यात टोरोंटो युनिव्हर्सिटीत ईस्ट एशियन स्टडीज, जर्मन, इटालियन, स्लाविक, स्पॅनिश-पोर्तुगीज असे सगळे विभाग एका "स्कूल"मध्ये कोंबायचे आणि कम्पॅरेटिव्ह लिटरेचरचं सेंटर बंद करायचं असा प्लॅन आला. विद्यार्थी उठले, पिटिशन झाली, जगभरच्या प्राध्यापकांची पत्रं आली, आणि मुख्य म्हणजे विभाग एकमेकांवर न ढकलता एकत्र राहिले. काही महिन्यांत ती स्कूलची कल्पना मागे घेतली.

दुसरं वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी, २०२३. तूट होती साडेचार कोटी डॉलरची, ऑगस्टमध्ये अख्खा वर्ल्ड लँग्वेजेस विभाग बंद करायचा प्रस्ताव आला, भाषा ॲपवरून शिकवता येतील का याची चाचपणी करू म्हणेपर्यंत मजल गेली. २१ ऑगस्टला पोरं वर्ग सोडून बाहेर आली, लाल कपडे आणि गळ्यात लाल रुमाल, तिथल्या खाणकामगारांच्या जुन्या लढ्याची आठवण म्हणून. देशभर बातम्या झाल्या. आणि १५ सप्टेंबरला बोर्डाने २८ मेजर्स आणि १४३ फॅकल्टी जागा उडवल्याच. पण मधल्या काळात प्रस्तावात थोडी माघार झाली होती, स्पॅनिश आणि चिनी शिकवायला मोजक्या जागा ठेवल्या. मेजर गेलं ते गेलंच.

टोरोंटोला वेळ मिळाला. वेस्ट व्हर्जिनियात प्रस्ताव ते मतदान सगळं महिना-सव्वा महिन्यात उरकलं, तेही पोरं नुकती सुट्टीवरून परत आलेली असताना. म्हणून रॅलीला किती डोकी जमली यापेक्षा मतदान कधी आहे आणि त्याआधी सीनेटचा ठराव होतोय का, हे आधी शोधा. तुमच्याकडे तारीख जाहीर झालीय का?

रोखठोक
कडू बोलतो, राग मानू नका. प्रगत क्लासिकल चायनीजच्या वर्गात चार डोकी आणि त्यांच्यासाठी एक टेन्युअर्ड (कायम नोकरीवाला) प्रोफेसर, हे किती दिवस चालायचं? स्टेटकडून पैसा आटलाय, फी आधीच कंबर मोडते पोरांची. शिवाय आता भाषांतराला एआय आहे. सगळंच वाचवा म्हणणं सोपं आहे, पैसे कुठून आणायचे तेही सांगा की.

जुनी_फाईल
@रोखठोक राग कसला, हाच प्रश्न बोर्डात विचारतात. पण चार डोक्यांचा वर्ग घेणारा तोच प्रोफेसर दुसऱ्या दिवशी शंभर पोरांना आशियाई इतिहासाचा जनरल एज्युकेशनचा (कुठल्याही मेजरच्या पोरांसाठीचा) कोर्स शिकवत असतो, तो काय स्लाइडवर दिसत नाही. आणि प्रोग्राम बंद केला तरी टेन्युअर्ड माणसाचा पगार बऱ्याच ठिकाणी लगेच वाचत नाही, त्याला दुसऱ्या विभागात बसवतात. आधी जातात ते भाषा शिकवणारे लेक्चरर, वर्षा-वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवरचे. सगळ्यात जास्त वर्ग तेच घेतात आणि पगार सगळ्यात कमी. म्हणजे बचत किरकोळ आणि वेटलिस्टवाली पोरं वाऱ्यावर.

कोपऱ्यातला_वाचक
आकड्यांवरून आठवलं. अमेरिकेतल्या एमएलएची (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन, भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची संघटना) मोजणी आहे, २०१६ ते २०२१ मध्ये इंग्रजीव्यतिरिक्त भाषा शिकणाऱ्यांची संख्या साधारण साडेसोळा टक्क्यांनी घसरली, चिनीही चांगलीच खाली गेली, पण कोरियन ३८ टक्क्यांनी वाढली आणि जपानी जेमतेम घसरली. त्यामुळे "पोरांना आता भाषा नकोत" हे सरसकट विधान पूर्व आशियाच्या बाबतीत अर्धंच खरं आहे.

एआयबद्दल, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचीच संस्था आपल्या अधिकाऱ्यांना चिनी, जपानी, कोरियन कामापुरती यावी म्हणून ८८ आठवडे, २२०० तास वर्गात बसवते. एआय एवढं पुरेसं असतं तर सरकारने हे कधीच बंद केलं असतं. अवांतर, या विभागांना केंद्र सरकारचा मोठा पैसा मिळायला लागला तो १९५८ च्या कायद्याने, रशियाने स्पुटनिक सोडल्यावर घाबरून. त्यातूनच पुढे टायटल सिक्सची (सरकारी पैशावरची प्रादेशिक अभ्यासाची) सेंटर्स आणि एफएलएएस (परदेशी भाषा शिकण्यासाठीच्या) फेलोशिप्स चालत आल्या आणि २०२५ मध्ये सरकारने नेमका तोच पैसा थांबवला. तुमच्या युनिव्हर्सिटीत सेंटर असेल तर तो खड्डासुद्धा या निर्णयामागे असू शकतो, विचारून बघ.

अजून एक, "बंद नाही, फक्त विलीन करतोय" अशी ऑफर आली की पोरं फटाके फोडतात. तेव्हा बारकाईने बघा की भाषेचं तिसरं-चौथं वर्ष राहतंय का. पहिली दोन वर्षं ठेवून वरची कापली की कागदावर प्रोग्राम जिवंत आणि प्रत्यक्षात मूळ भाषेत एक लेख वाचू शकेल असं कुणी तयारच होत नाही. इंग्लंडमध्ये डरहम युनिव्हर्सिटीने २००३ मध्ये ईस्ट एशियन स्टडीजचा विभाग बंद करायचं ठरवलं, २००७ मध्ये बंद झाला, आणि पुढे काही वर्षांनी चिनी-जपानी परत सुरू केलं, मॉडर्न लँग्वेजेसच्या छत्राखाली. मोडायला चार वर्षं, आणि परत उभं करायचं तर माणसं नव्याने शोधा, नवे कोर्स मंजूर करून घ्या.

विमानतळ_थांबा
शाईदौत ताई, एफ-वनचं मी बोलते कारण बाकीचे सगळे सोयीस्करपणे टाळतायत. शांततेने रॅलीत उभं राहणं हा गुन्हा नाही, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो पोरांचे सेविस रेकॉर्ड (सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद) कारण न देता बंद झाले आणि कोर्टात केसेस पडल्यावर परत चालू केले, हे आपण सगळ्यांनी बघितलं. त्यामुळे घाबरतेस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. आमच्याकडे फीवाढीच्या वेळी आम्ही काम वाटून घेतलं होतं. माइक, बॅनर, पेपरवाल्यांशी बोलणं हे सगळं सिटिझन पोरांनी केलं आणि आम्ही मागे बसून एक्सेल, पत्रांचे मसुदे, माजी विद्यार्थ्यांची यादी. जायचंच असेल तर रस्ता अडवणं, बिल्डिंगमध्ये ठिय्या देणं यापासून चार हात लांब राहा, अटक झाली की प्रकरण वेगळंच होतं. आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल, बऱ्याच युनिव्हर्सिटीत स्टुडंट लीगल सर्व्हिस असते, पहिली भेट बऱ्याचदा फुकट असते.

डिग्रीचं टेन्शन घेऊ नकोस फार. प्रोग्राम बंद केला तरी आत असलेल्यांना पूर्ण करू द्यायची सोय करावी लागते, त्याला टीच-आउट म्हणतात, ॲक्रेडिटेशनवाले (युनिव्हर्सिटीला मान्यता देणाऱ्या संस्था) ते मागतात. पण तुझा थीसिस गाइड त्या काळात टिकणार का हे लेखी घे. माणूसच सोडून गेला तर टीच-आउट चाटायचंय का!

शाईदौत
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. @जुनी_फाईल, तुमचं वाचून विभागाच्या ऑफिसमधल्या बाईंना विचारलं तर त्यांनी शांतपणे ड्रॉवरमधून प्रिंटआउटच काढून दिला, म्हणाल्या कुणीतरी विचारायची वाट बघत होते. दुसरं मेजर धरलं तर आकडा दुपटीच्या वर जातो!! आणि मायनर तर त्या स्लाइडवर कुठे नव्हतेच. तो तक्ता आता पिटिशनच्या पहिल्या पानावर टाकतोय. गाइडना पण ईमेल टाकलाय.

मतदानाची तारीख मात्र वेबसाइटवर कुठेच दिसत नाहीये, बोर्डाच्या पुढच्या मीटिंगचा अजेंडा अजून आलेला नाही. रॅली त्याच दिवशी ठेवावी का आधी?

जुनी_फाईल
आधी. त्याच दिवशी ठेवलीत तर मेंबर मागच्या दाराने आत जातात आणि मतदान होऊन जातं. रॅली सीनेटच्या मीटिंगच्या दिवशी ठेवा, तिथे तुमच्या बाजूने ठराव झाला की बोर्डापुढे कागद जातो. बोर्डाच्या सेक्रेटरीला आजच फोन करून विचार अजेंडा कधी लागतो ते, स्टेट युनिव्हर्सिटी आहे म्हणजे मीटिंग पब्लिक असते आणि आधीच लावावा लागतो. पब्लिक कमेंटसाठी नाव नोंदवायची मुदत बहुतेक ठिकाणी मीटिंगच्या एक-दोन दिवस आधी संपते, ती चुकवू नका. दोन-तीन मिनिटंच देतात आणि मध्येच माइक बंद करतात, तेव्हा तो तक्ता पहिल्या वाक्यात आणा, भावना नंतर. बोलायला एखादी इकॉनॉमिक्स-जपानी डबल मेजरवाली पोरगी मिळाली तर बघा.

रोखठोक
दुपटीच्या वर असेल तर मग माझा मुद्दा बराचसा बारगळला. तक्ता इथे टाकता येईल का, नावं काढून? आमच्याकडे जर्मनचं हेच चाललंय.