शब्दचर्चा : ‘कॅरेक्टर’ आणि ‘बिल्ड’ नवख्याला मराठीत कसं सांगायचं?

सेलूहून

ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग गेम पहिल्यांदाच उघडणाऱ्या पोरांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली आहे. आमच्याकडची पोरं फोनवर ‘अल्बियन ऑनलाइन’ नाहीतर ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ खेळतात. घरी कॉम्प्युटर असेल तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ किंवा ‘पाथ ऑफ एक्झाइल’कडे वळतात. अशा बऱ्याच खेळांत लढाई सुरू होण्याआधीच निवडीचा पडदा समोर येतो : रेस (माणूस, एल्फ असा जन्माचा प्रकार), क्लास (लढवय्या, जादूगार असं काम), चेहरा, नाव. ज्याच्या हातात मोठी तलवार ते चित्र पोरगं दाबतं आणि थोड्याच दिवसांत कंटाळून खेळ सोडतं. खेळ वाईट नसतो. आपण नेमकं काय निवडलं हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पोरं आपसात ‘आयडी बनवली’, ‘कॅरेक्टर घेतलं’, ‘बिल्ड गंडला’ असंच बोलतात. ते तसंच राहू द्या. पण कॅरेक्टर म्हणजे खेळात आपण ज्याच्या रूपात वावरतो तो, आणि बिल्ड म्हणजे त्याची ताकद कशी वाढवायची याची आखणी, हे समजावून सांगताना मराठी शब्द लागतो. शिवाय ‘कॅरेक्टर’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांना चालचलणूकच आठवते, कारण त्यांना कॅरेक्टर सर्टिफिकेट तेवढं माहीत. सध्या मी कॅरेक्टरला ‘पात्र’ आणि बिल्डला ‘बांधा’ धरून लिहितोय. मतं कळवा.

नांदेडहून

‘पात्र’ला माझा विरोध आहे. नदीचं पात्र, कर्जमाफीला पात्र-अपात्र हे अर्थ संदर्भाने वेगळे होतील, त्याची चिंता नाही. अडचण अशी की नाटकातलं पात्र आधीच लिहिलेलं असतं. ते काय बोलणार, कधी मरणार हे नाटककाराने ठरवलेलं असतं. या खेळांत तसं नाही. इथं मुलगा स्वतः एक रूप घेतो आणि ते जन्मभर त्यालाच निभवायचं असतं.

आपल्याकडे याला शब्द आहे : सोंग. पैठणच्या एकनाथांनी (१५३३-१५९९) भारुडं लिहिली त्यांत सोंगंच सोंगं आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, पोतराज. ज्याने जे सोंग घेतलं त्याने त्याची चाल, बोली, वेश आणि काम सगळं घ्यायचं. वासुदेवाचं सोंग घेऊन पोतराजाचा कोरडा ओढता येत नाही. क्लास निवडणं म्हणजे नेमकं हेच. आणि या शब्दामागे क्रियापदं आपोआप येतात : सोंग घेणं, आणणं, वठवणं. ‘माझं सोंग वठलं नाही’ असं म्हटलं की कुणालाही कळतं. ‘माझं पात्र वठलं नाही’ म्हणून बघा, नाटकावरची टीका वाटते.

अंबाजोगाईहून

दादा, सोंग मलाही आवडलं, पण ‘झोपेचं सोंग’, ‘आजारपणाचं सोंग’ यांतली लबाडी त्याला चिकटलेली आहे. ‘अवतार’ का नको? तो तर या खेळांत आधीच पोचलाय. १९८५ च्या ‘अल्टिमा’ मालिकेतल्या चौथ्या खेळाच्या नावातच तो आहे. त्याच सुमारास लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळात खेळाडूच्या पडद्यावरच्या आकृतीला अवतार म्हणू लागले. आपलाच शब्द परत घ्यायला काय हरकत?

नांदेडहून

ताई, हरकत एवढीच की अवतार म्हणजे दिसणं. केस, रंग, चिलखत. आपण घरातही ‘काय अवतार करून घेतलास’ म्हणतो ते दिसण्यालाच. नवख्याची चूक तर नेमकी तिथंच होते : तो दिसणं निवडतो आणि काम निवडायचं राहून जातं. दिसण्याला अवतार आणि कामासकट सगळ्याला सोंग, असं दोन्ही ठेवलं तर फरक शब्दांतच दिसेल. लबाडीचं म्हणाल तर ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही’ या म्हणीत सोंगाला कमीपणा कुठं आहे? उलट ते आणता येणं हे कसबच मानलंय.

अंबाजोगाईहून

पटलं. अवतार दिसण्यापुरता ठेवा.

उदगीरहून

क्लासला ‘वर्ग’ अजिबात करू नका. आठवीच्या पोराला ‘तुझा वर्ग कोणता’ विचारलं तर तो आठवी ‘ब’ सांगेल. आमच्याकडे मराठी, उर्दू, कन्नड सगळंच कानावर असतं. मला ‘पेशा’ बरोबर वाटतो. हा प्रकार मुळात टेबलावर बसून खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधून आला. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत तीनच पेशे होते : लढणारा, जादू करणारा आणि पुरोहितासारखा क्लेरिक. चोर पुढच्या वर्षी पुरवणीत आला. तेव्हापासून निघालेल्या शेकडो पेशांना आजही या चारांशी नातं सांगता येतं. म्हणून नवख्याला वीस नावं पाठ करायला लावण्यापेक्षा हे चार नीट समजावा.

आता रेसबद्दल. कृपा करून ‘जात’ लिहू नका. एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क असे कल्पित लोक निवडायच्या पडद्यावर ‘जात निवडा’ आणि खाली ‘या जातीला बुद्धी कमी, त्या जातीला जास्त’ असं मराठवाड्यातल्या पोराने वाचावं, हे मला सहन होणार नाही. इंग्रजीतही हा पेच पडलाच. ‘पाथफाइंडर’ या तशाच टेबलावरच्या खेळाने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत रेस काढून पूर्वजांकडे बोट दाखवणारा शब्द घेतला, आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने २०२४ च्या नियमपुस्तकात स्पीशीज केलं. ‘कूळ’ सुचेल कुणाला, पण १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यापासून आपल्या भागात कूळ म्हणजे जमीन कसणारा. ‘वंश’ ठेवा.

जालन्याहून

उदगीरकरांच्या मुद्द्याला जोडूनच. चोराचा पेशा, म्हणजे इंग्रजीतला ‘रोग’ (rogue) किंवा ‘थीफ’, याला कुणीतरी ‘उचल्या’ किंवा ‘भामटा’ सुचवण्याआधी लिहितोय. ही समाजांची नावं आहेत. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, ते ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झालं, आणि तरी ही नावं शिवीसारखी वापरली जातात. पुस्तिका वाचणाऱ्यांत त्या घरांतली पोरं असतील. हीलरला, म्हणजे जखमा भरून देणाऱ्याला, ‘वैदू’ म्हणायचंही टाळा, तोही समाज आहे, आणि ‘सोंगाड्या’ऐवजी ‘रायरंद’ कुणी सुचवलं तर तेही नको. चोराला ‘छुपा’ म्हणा. लपून जातो, पाठीमागून वार करतो, कुलूप उघडतो. सगळं त्यात येतं.

सेलूहून

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं असं नाही, पण इतक्या स्पष्टपणे कुणी मांडलं नव्हतं. ‘छुपा’ घेतला. आता बांध्याचं बोला.

नांदेडहून

‘बांधा’ म्हणजे शरीराची ठेवण. उंच बांधा, काटक बांधा. तो जन्माने मिळतो. बिल्ड मिळत नाही, ठरवावा लागतो, म्हणून ‘बांधणी’. पक्षबांधणी, जहाजबांधणी म्हणतो तीच. बांधणीला आधी आराखडा लागतो, मग साहित्य, आणि साहित्य मोजकंच असतं.

हे मोजकेपण पुस्तिकेत आकड्यांनी दाखवा, त्याशिवाय पोरांना पटणार नाही. २००४ च्या मूळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये दहाव्या पातळीपासून साठाव्यापर्यंत दर पातळीला एक, असे एकूण ५१ गुण मिळायचे. प्रत्येक पेशाला कौशल्यांच्या तीन शाखा. शाखेच्या टोकाचं सगळ्यात भारी कौशल्य घ्यायचं तर त्याच शाखेत आधी ३० गुण घातलेले हवेत, म्हणजे ते धरून ३१. दोन शाखांची टोकं गाठायला ६२ लागणार आणि हातात ५१. म्हणजे दोन्ही मिळणारच नाहीत. ‘थोडं इकडे, थोडं तिकडे’ केलं की एकही टोक हाती लागत नाही. बांधणी म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं. मला या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं, आणि ‘बांधा’ या शब्दातून ते कधीच कळणार नाही.

आणि मोडण्याची किंमत. त्याच खेळात गुण परत काढून पुन्हा लावायला पहिल्यांदा एक सोन्याचं नाणं लागायचं, मग पाच, मग दहा, असं चढत पन्नासपर्यंत. ‘डायब्लो २’ २०००चा. त्यात दर पातळीला पाच गुण बळ, चपळाई अशा अंगच्या ताकदीसाठी आणि एक कौशल्यासाठी. एकदा लावले की संपलं. ते परत काढायची सोय २०१० च्या दुरुस्तीत आली. तोवर बांधणी फसली की नवं सोंग घेऊन पहिल्यापासून सुरुवात. रिस्पेकला म्हणूनच ‘फेरबांधणी’ हा सरळ शब्द बसतो, आणि नवख्याने विचारायचा पहिला प्रश्न हाच : या खेळात फेरबांधणी फुकट आहे, महाग आहे, की नाहीच?

परभणीहून

मी ‘पाथ ऑफ एक्झाइल’ खेळायलोय म्हणून सांगतो. तिथं सात पेशे, पण कौशल्यांचं झाड सगळ्यांचं एकच, तेराशेहून जास्त गाठींचं. पेशाप्रमाणे फक्त उभं राहायची जागा बदलते. तिथं पेशापेक्षा बांधणीच मोठी. आणि ‘फायनल फँटसी १४’मध्ये उलटं : एकाच सोंगाला सगळे पेशे शिकता येतात, हातातलं शस्त्र बदललं की पेशा बदलला. तिथं पहिल्या दिवशी काय निवडलं याची धास्ती घ्यायचं कारणच नाही. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये पैसे भरून वंश बदलतो, पेशा नाही बदलत. म्हणजे पेशा, वंश आणि बांधणी हे तिन्ही शब्द प्रत्येक खेळात सारख्याच वजनाचे नाहीत, हे लिहा.

फोनवाल्या पोरांचं वेगळंच. ‘अल्बियन’मध्ये पेशाच नाही. जे शस्त्र आणि चिलखत घातलं त्यातूनच ताकद येते, काढलं की गेली. तिथं बांधणी म्हणजे अंगावरचं सामान.

उदगीरहून

त्याला ‘सरंजाम’. घोडा, शस्त्र, चिलखत सगळं त्यात आलं.

हिंगोलीहून

एक विचारायचं होतं. तेच तेच राक्षस मारून सामान गोळा करण्याला फार्मिंग म्हणतात. ‘सोंगणी’ चालेल का? आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी तेच तर असतं, वाकून एकसारखं कापत जायचं.

अंबाजोगाईहून

शब्द फार चांगला आहे, पण सोंग आणि सोंगणी एका पानावर आले की पोरं दोन्हींचं मूळ एक समजतील. ‘काढणी’ करा.

परभणीहून

आता गटात कोण काय करतो त्याबद्दल. टँकला, म्हणजे पुढं राहून मार झेलणाऱ्याला, ‘ढाल’ ठीक आहे, पण ढाल नुसती मार खाते असं वाटतं. टँक त्याहून जास्त करतो. तो राक्षसाला डिवचतो, म्हणजे राक्षसाचा रोख दुसऱ्यांवरून काढून आपल्यावर घेतो. टाँटला ‘डिवचणं’ आणि अ‍ॅग्रोला ‘रोख’ हे दोन शब्द मी मित्रांत वापरतो आणि कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘रोख सुटला’ म्हटलं की हीलर पळतो. हीलरला ‘सावरणारा’, आणि बाकीच्यांना ‘मारा करणारे’. ‘मारेकरी’ नको, तो खुनी होतो.

नवख्याने काय घ्यावं हे स्पष्ट लिहा, गुळमुळीत नको. ढाल आणि सावरणारा यांना गट पटकन मिळतो, कारण ते कमी असतात. मारा करणारे ढिगाने असतात, ते वाट बघत बसतात. पण ढालीला पूर्ण गुहेचा रस्ता माहीत लागतो आणि चुकलं की सगळे मरतात, म्हणून पहिल्याच सोंगाला ती नको. एकटा खेळणाऱ्याला पाळीव प्राणी सोबत असलेला पेशा सोपा जातो, रोख प्राण्यावर राहतो आणि आपण लांबून मारतो. आणि आपल्याकडे संध्याकाळी नेट अडकतं. अडकल्यावर जवळ जाऊन लढणारा आधी मरतो, लांबून मारणाऱ्याला सावरायला एखादा क्षण मिळतो. पुण्याच्या पोराला हा मुद्दा लागणार नाही, सेलूच्या पोराला लागेल.

जालन्याहून

अंगच्या गुणांचं राहिलं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे सहा : बळ, चपळाई, अक्कल, शहाणपण, छाप... आणि कॉन्स्टिट्यूशन. ‘प्रकृती’ म्हटलं की दवाखाना वाटतो.

नांदेडहून

‘रग’. ‘त्याच्या अंगात रग आहे’ म्हणतो ना, मार सोसून उभं राहायची ताकद. ‘दम’ पळण्याला ठेवा, स्टॅमिना म्हणून वेगळा येतो बऱ्याच खेळांत.

सेलूहून

पहिल्या पानाचा मसुदा असा केलाय :

‘सोंग घेण्याआधी स्वतःला विचार, खेळताना तुला काय करत राहायला आवडेल? पुढं उभं राहून मार झेलायला, मागून मारायला, लपून जायला, की दुसऱ्यांना सावरायला? त्यावरून पेशा निवड. वंशाने बहुतेक खेळांत थोडाच फरक पडतो, जो आवडेल तो घे. अवतार शेवटी सजव. गुण मिळायला लागले की सगळीकडे वाटून टाकू नकोस. तुझ्या पेशाला बळ लागतं की अक्कल ते बघ आणि तिथंच घाल, उरलेले रगेला. जादूगाराला पहिल्या पातळ्यांत रग कमी असते, तो लवकर मरतो. ते तुझ्या खेळण्यामुळं नाही.’

परभणीहून

शेवटचं वाक्य आवडलं. दोन गोष्टी जोडा. ‘उरलेले रगेला’ हे ‘पाथ ऑफ एक्झाइल’ला लागू नाही, तिथं गुण वाटायचे नसतात, झाडावरच्या गाठी घ्यायच्या असतात, म्हणून ‘जिथं गुण वाटायचे असतात तिथं’ असं लिहा. आणि फेरबांधणीचा प्रश्न या पानावरच आणा, ‘गुण मिळायला लागले की’च्या आधी. गुण लावून बसल्यावर तो वाचून उपयोग नाही.