अवयवदात्याकडून आजार येण्याची भीती कितपत खरी?

प्रश्न : माझ्या वडिलांचे नाव मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत आहे. मृत दात्याच्या शरीरात दडलेला आजार त्यांना होऊ शकतो का?

उत्तर १ : होऊ शकतो, पण क्वचित. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी तपासणी होते. मात्र संसर्ग अगदी ताजा असेल तर रक्तात प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने) तयार झालेली नसतात आणि ती शोधणाऱ्या चाचणीतून संसर्ग सुटू शकतो, म्हणून थेट विषाणूचा अंश शोधणारी नॅट चाचणी होते का, हे प्रत्यारोपण समन्वयकांना अवश्य विचारा.

उत्तर २ : २००४ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये एकाच दात्याकडून रेबीज होऊन चार रुग्ण दगावले, त्या दात्याला वटवाघूळ चावल्याचे नंतर उघड झाले. नातेवाइकांनी सांगितलेला पूर्वेतिहास मला चाचणीइतकाच मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. उद्याच विचारतो.